कावीळ पाण्यातून येते, पण कुठून येते?

उन्हाळ्याची सुटी संपत येते, पाऊस तोंडावर असतो आणि आळीत कुणाला तरी कावीळ झाल्याची बातमी कानावर येते. डोळे पिवळे, लघवी गडद, तोंडाला चव नाही, अन्नाचा वास नकोसा. मग घरात उसाचा रस येतो, तेलतूप बंद होते आणि कुणीतरी ‘उतरवणाऱ्या’ माणसाचा पत्ता देते. तो माणूस डोक्यावर वनस्पतीच्या कांड्यांची माळ ठेवतो आणि ती दिवसेंदिवस लांब होत पायांपर्यंत आली की कावीळ उतरली असे सांगतो. माळ खरोखरच लांब होते! ओल्या कांड्या आवळून गुंफलेल्या असतात. त्या वाळल्या की बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि दोरा मोकळा होतो. ही माळ भिंतीवरच्या खुंटीला टांगली तरी तितकीच लांब होईल.

पण रोगी बरा होतो हेही खरेच असते. बहुतेक काविळी तीन ते सहा आठवड्यांत आपल्या आपण बऱ्या होतात आणि श्रेय माळेला मिळते. म्हणूनच ही माळ अजून विकली जाते. धोका असतो तो बऱ्या न होणाऱ्या थोड्या रुग्णांना, कारण त्यांचा रुग्णालयात जाण्याचा वेळ माळ लांब होण्याची वाट पाहण्यात जातो. हे थोडे रुग्ण कोण, याचे उत्तर पुढे येईल. ते कळले की माळेची गोष्ट गमतीची राहत नाही.

आधी कावीळ म्हणजे काय ते पाहू. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की त्यांतील हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. ते उचलून पित्तावाटे आतड्यात सोडणे हे यकृताचे काम. यकृताला सूज आली की हे काम अडते, पिवळे द्रव्य रक्तात साठते आणि डोळ्यांत, त्वचेत उतरते. म्हणजे कावीळ हा रोग नव्हे, ती रोगाची खूण आहे. यकृताला सूज आणणारी कारणे अनेक आहेत. साथीने येणाऱ्या काविळीचे कारण मात्र विषाणू हे असते.

आज या विषाणूंना ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे आहेत. त्यांतील बी, सी आणि डी रक्तावाटे पसरतात. न उकळलेली सुई, न तपासलेले रक्त, आईकडून बाळाला, असे त्यांचे मार्ग असतात. ए आणि ई यांचा मार्ग निराळा. रोग्याच्या विष्ठेतून ते बाहेर पडतात आणि पाण्यातून किंवा अन्नातून दुसऱ्याच्या तोंडात जातात. या लेखात आपण या दोघांचाच पाठपुरावा करणार आहोत. त्यातही विशेषतः ‘ई’चा, कारण तो सापडण्याची हकीगत बरीचशी भारतातील आहे आणि तिचा एक मोठा भाग पुण्यातील आहे.

हकीगत सुरू होते दिल्लीत. १९५५ च्या पावसाळ्यात यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरल्यावर नदीचे पात्र सरकलेले दिसले. दिल्लीला पाणी पुरवणारे वझिराबादचे केंद्र नदीकाठी होते आणि त्याच्या खालच्या अंगाला नजफगढचा नाला शहरातील मैलापाणी घेऊन नदीला मिळत असे. पात्र बदलल्यामुळे हे मैलापाणी उलटे, वरच्या बाजूला सरकू लागले आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे आठवडाभर ते पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत पोहोचले. तेथील अभियंत्यांच्या हे लक्षात आले. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवले. विषमज्वर आणि हगवण यांची साथ येते की काय याकडे सर्वांचे लक्ष होते. ती आली नाही, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

डिसेंबर उजाडला आणि माणसे पिवळी पडू लागली. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत स्पष्ट कावीळ झालेल्यांची संख्या अंदाजे २९,३०० वर गेली.

या हकिगतीत दोन गोष्टी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे क्लोरीनने जिवाणू मारले, परंतु विषाणू वाचला. गढूळ पाण्यात विष्ठेच्या सूक्ष्म कणांच्या आत विषाणू लपून राहतात आणि क्लोरीन कणाच्या बाहेरच खर्ची पडते. क्लोरीनचे काम चांगले व्हायचे तर पाणी आधी नितळ असावे लागते. दुसरी गोष्ट म्हणजे मधला काळ. पाणी नोव्हेंबरमध्ये घाण झाले. रुग्ण डिसेंबर-जानेवारीत आले. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला परिपाक काल म्हणतात. ‘ई’च्या बाबतीत तो दोन ते दहा आठवड्यांचा, सरासरीने सुमारे चाळीस दिवसांचा असतो. आपल्याकडे साथ आली की लोक आज नळाला आलेल्या पाण्याकडे बोट दाखवतात. दोष असतो तो महिना-दीड महिन्यापूर्वीच्या पाण्याचा, आणि तोपर्यंत ते गटारातून वाहून गेलेले असते. पाण्याचा नमुना तपासून काही सापडले नाही म्हणून पाणी निर्दोष होते, असा निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे ठरते.

दिल्लीच्या साथीला त्या वेळी ‘संसर्गजन्य कावीळ’ म्हटले गेले. पाण्यातून येणारी कावीळ एकाच प्रकारची असते, असा तेव्हा समज होता. १९७३ मध्ये अमेरिकेत फाइनस्टोन, कपिकियन आणि पर्सेल यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ‘ए’ विषाणू पाहिला आणि त्याची रक्तचाचणी तयार झाली. तेव्हा दिल्लीची साथही ‘ए’चीच असणार, असे गृहीत धरले गेले.

आता पुण्याकडे वळू. १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून येथे विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले. आरंभी त्याचा भर डास व गोचिडी यांच्यामार्फत पसरणाऱ्या विषाणूंवर होता. कर्नाटकातील क्यासनूर जंगलातील माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये याच संस्थेने शोधला. १९७८ मध्ये तिला राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था हे नाव मिळाले. अशा संस्थेत एक गोष्ट फार मोलाची असते, ती म्हणजे जुने रक्तजल. रक्त गोठू दिले की वर जो पिवळसर द्रव राहतो ते रक्तजल. ते गोठवून ठेवले की वर्षानुवर्षे टिकते आणि त्यातील प्रतिपिंडेही टिकतात.

प्रतिपिंडे म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने. त्यांतील एक प्रकार, आयजीएम, रोग नुकताच झाला असता दिसतो आणि काही महिन्यांत मावळतो. दुसरा, आयजीजी, पुष्कळ वर्षे राहतो. शाळेच्या हजेरीपटासारखेच हे आहे. आज कोण आले ते एका रकान्यात कळते आणि पूर्वी कोण येऊन गेले ते मागची पाने उलटून कळते. एखाद्या रुग्णाच्या रक्तजलात ‘ए’विरुद्ध नवी प्रतिपिंडे असतील तर आताची कावीळ ‘ए’ची. नुसती जुनीच असतील तर ‘ए’ लहानपणी येऊन गेला आहे आणि आताचे दुखणे दुसऱ्याच कुणाचे आहे.

१९८० मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात अमेरिकेतील वाँग व पर्सेल यांच्याबरोबर पुण्याच्या संस्थेतील श्रीनिवासन, प्रसाद आणि संस्थेच्या तेव्हाच्या संचालक डॉ. खोर्शेद पावरी यांची नावे होती. दिल्लीच्या १९५५-५६ च्या साथीतील जपून ठेवलेले रक्तजल, अहमदाबादच्या १९७५-७६ च्या साथीतील रक्तजल आणि पुण्यातील रुग्णांचे रक्तजल त्यांनी तपासले. ‘ए’ची नवी प्रतिपिंडे या साथींच्या रुग्णांत सापडली नाहीत, जुनी मात्र होती. ‘बी’चाही खुलासा लागू पडेना. पंचवीस वर्षे ज्या साथीचे निदान झाले आहे असे सारे मानत होते, तिचा कर्ता निराळाच निघाला!

खरे तर एक सुगावा आधीपासून डोळ्यांसमोर होता. साथीत आजारी पडलेले बहुतेक लोक तरुण आणि प्रौढ होते, लहान मुले कमी होती. त्या काळच्या भारतात ‘ए’ विषाणू जवळजवळ प्रत्येक मुलाला शाळेत जाण्याच्या सुमारासच गाठत असे. लहान मुलांत तो बहुधा लक्षणेही दाखवत नाही. दोन दिवस कणकण, जुलाब, आणि संपले. पण त्यामुळे जन्मभराची प्रतिकारशक्ती मिळते. मग मोठी माणसे ‘ए’ने आजारी पडतीलच कशी? प्रश्न सोपा आहे, पण तो विचारायला चाचणी हाताशी यावी लागली.

त्याच सुमारास काश्मीरमधून दुसरा पुरावा आला. १९७८ च्या अखेरीस तेथील सुमारे २०० खेड्यांत कावीळ पसरली. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी घरोघर जाऊन नोंदी केल्या. अंदाजे ५२,००० रुग्ण आणि १,७०० मृत्यू असा त्या साथीचा हिशेब आहे. तेही ‘ए’ नव्हते, ‘बी’ नव्हते. आणि दिल्लीत जे दिसले होते तेच येथे अधिक ठळकपणे दिसले. मरणाऱ्यांत गर्भवती स्त्रिया फार होत्या. सर्वसाधारण रुग्णांत या रोगाने होणारे मृत्यू शेकडा एक-दोनच्या आसपास असतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र हे प्रमाण शेकडा वीस-पंचविसापर्यंत जाते. असे का होते याचे पूर्ण समाधानकारक उत्तर आजही नाही. गरोदरपणातील संप्रेरके आणि बदललेली प्रतिकारयंत्रणा यांचा संबंध असावा, इतके म्हणता येते. सुरुवातीला म्हटलेले थोडे रुग्ण ते हे. घरातील गर्भवतीला कावीळ झाली तर तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यायला हवे.

विषाणू प्रत्यक्ष दिसला १९८३ मध्ये, आणि तोही विलक्षण रीतीने. मॉस्कोतील मिखाईल बालायान यांनी अफगाणिस्तानातील काविळीच्या नऊ सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतःच गिळला. त्यांना पूर्वी ‘ए’ होऊन गेला होता, तेव्हा तो पुन्हा होणार नाही हे ते जाणून होते. पाच आठवड्यांनी ते पिवळे पडले आणि त्यांच्या स्वतःच्या विष्ठेत त्यांना २७ ते ३० नॅनोमीटर व्यासाचे गोल कण आढळले. एका मिलिमीटरच्या रेघेत असे सुमारे तीस हजार कण ओळीने बसतील. (हा प्रयोग आज कोणतीही समिती मंजूर करणार नाही आणि ते योग्यच आहे.) १९९० मध्ये या विषाणूच्या जनुकीय द्रव्याचे वाचन झाले आणि ‘ई’ हे नाव पक्के झाले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही कावीळ देशभर फिरते कशी?

साथ म्हटली की आपल्या मनात प्लेगचे चित्र असते. १८९६ मध्ये प्लेग मुंबईत प्रकटला, लोक घाबरून आगगाडीने पळाले, त्यांच्या सामानाबरोबर पिसवा गेल्या आणि १८९७ मध्ये पुणे शहर रिकामे होऊ लागले. नकाशावर रेघ ओढावी तसा तो प्रवास होता. आता ‘ई’च्या मोठ्या साथींची यादी पाहा. दिल्ली १९५५, अहमदाबाद १९७५, काश्मीर १९७८, कोल्हापूर १९८१, कानपूर १९९१. कानपूरला तर अंदाजे ७९,००० रुग्ण झाले. या ठिपक्यांना जोडणारी रेघ तुम्ही ओढू लागलात तर ती कुठूनही कुठेही जाईल. अहमदाबादची कावीळ काश्मीरला गेली नाही आणि काश्मीरची कोल्हापूरला आली नाही.

याचे कारण असे की विषाणूला प्रवास करण्याची गरजच नव्हती. तो सगळीकडे आधीच होता. मोठी साथ नसते त्या वर्षीही गावात तुरळक रुग्ण असतात. शिवाय संसर्ग होऊनही ज्यांना काहीच लक्षण दिसत नाही अशी माणसेही विषाणू बाहेर टाकत असतात. पुण्याच्या संस्थेतील संशोधकांनी शहरातील मैलापाण्याचे नमुने तपासले, तेव्हा त्यांत ‘ए’ आणि ‘ई’ या दोन्ही विषाणूंचे अंश मिळाले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात मैलापाण्यात काम करणाऱ्या कामगारांचे रक्त पाहिले होते. त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांत ‘ई’ची प्रतिपिंडे होती, तुलनेसाठी घेतलेल्या इतर लोकांत हे प्रमाण साधारण पाचांत एक होते. आपण ज्याला ‘गटाराचे काम’ म्हणून नाक मुरडतो, ते करणाऱ्या माणसाच्या शरीरावर त्याची ही नोंद आहे. आणि ती हातमोजे व गमबूट वेळेवर मिळाले असते तर कदाचित इतकी मोठी नसती.

म्हणजे विषाणू गावाच्या पोटातच असतो. मैलापाणी आणि पिण्याचे पाणी यांच्यामधील भिंत जिथे कोसळते, तिथे साथ उभी राहते. दिल्लीत ही भिंत नदीने पाडली. इतरत्र बहुतेक वेळा ती नळातच पडते. ते कसे, हे एका छोट्या प्रयोगाने पाहता येईल. शाळेच्या प्रयोगशाळेत तो जरूर करा.

मत्स्यपेटीसाठी वापरतात तशी बारीक प्लॅस्टिकची नळी दोन मीटर घ्या. तिच्या मध्यावर दाभणाने तीन-चार भोके पाडा. पाण्याने भरलेली बादली टेबलावर, शाईचे निळे पाणी घातलेले पातेले खाली स्टुलावर आणि रिकामी बादली जमिनीवर ठेवा. नळी पाण्याने भरून तिचे एक टोक वरच्या बादलीत बुडवा, भोके असलेला भाग निळ्या पाण्यात बुडलेला राहील असा धरा आणि दुसरे टोक खालच्या बादलीत सोडून बोटाने दाबून ठेवा. वरच्या पाण्याचा दाब आहे तोवर भोकांतून स्वच्छ पाणी बाहेर पडेल, निळे आत येणार नाही. ही झाली नळाला पाणी असतानाची स्थिती. पाणी गळते, वाया जाते, पण दूषित होत नाही. आता नळी भोकांच्या वरच्या बाजूला चिमटीत घट्ट दाबा, म्हणजे पाणीपुरवठा बंद झाला. आणि खालचे बोट काढा, म्हणजे खालच्या आळीत कुणीतरी नळ उघडला. नळीतील पाणी खाली उतरू लागेल, मागे दाब कमी होईल आणि भोकांतून शोषले गेलेले निळे पाणी खालच्या बादलीत पडू लागेल.

आपल्या बहुतेक शहरांत पाणी दिवसातून काही तासच येते. जुने नळ गटाराच्या शेजारून, कधी गटारातूनच गेलेले असतात. पुरवठा बंद असतानाच्या तासांत या नळांत काय शोषले जात असेल ते तुमच्या निळ्या पाण्यावरून ओळखा. उन्हाळ्यात पाणीकपात वाढते, रिकामे तास वाढतात. पावसाच्या आरंभी गटारे तुंबून नळांभोवतालची माती मैलापाण्याने भिजते. काविळीचा हंगाम नेमका याच वेळी का येतो हे आता वेगळे सांगायला नको. पाणी पुष्कळ तास देणे ही चैन वाटते, परंतु नळात अखंड दाब असणे हा आरोग्याचा प्रश्न आहे, असे माझे मत आहे.

नद्यांची गोष्ट याच्याच मोठ्या मापाची. पंचगंगा कोल्हापूरवरून वाहत इचलकरंजीकडे येते. वरच्या गावाचे सांडपाणी खालच्या गावाच्या उशाशी येते. १९८१ मध्ये कोल्हापुरात पाण्यातून आलेल्या साथीचा अभ्यास पुण्याच्या संस्थेने केला होता. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत ‘ई’ची साथ येऊन हजारो लोक आजारी पडले आणि काहींचा मृत्यू झाला. दोन साथींत एकतीस वर्षांचे अंतर आहे आणि नदी एकच. एकीतून दुसरी निघाली असे म्हणता येणार नाही, पण परिस्थिती मात्र तशीच राहिली होती. आपली मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमेचे पाणी उजनीत साठते आणि सोलापूर त्यातून पाणी घेते, हेही या निमित्ताने भूगोलाच्या वहीत टिपून ठेवायला हरकत नाही.

येथवर आपण जागा पाहिल्या. काळाबरोबर काय बदलते, हे पाहण्यासाठी पुण्यातच एक सुंदर अभ्यास झाला. डॉ. विद्या अरणकल्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ आणि १९९२ या दोन वर्षांतील पुण्याच्या लोकांचे रक्तजल वयाप्रमाणे वेगळे करून तपासले. ‘ए’ची प्रतिपिंडे दहा वर्षांच्या आतील जवळजवळ सर्व मुलांत होती. ‘ई’ची मुलांत क्वचितच, तरुण वयात ती वाढत जाऊन सुमारे ४० टक्क्यांवर स्थिरावत होती. दोन्ही विषाणू एकाच वाटेने, विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून तोंडात जातात. मग एक सगळ्या मुलांना गाठतो आणि दुसरा त्यांना सोडून देतो, हे कसे? ‘ए’ फार चिवट आणि सहज पसरणारा आहे. घरात एकाला झाला की भावंडांना होतो. ‘ई’ एका घरातून दुसऱ्याला असा फारसा जात नाही. त्याला मोठी मात्रा लागत असावी आणि ती दूषित पाण्याच्या मोठ्या लोंढ्यानेच मिळत असावी. मुलांना सौम्य संसर्ग होऊन प्रतिपिंडे पुढे मावळत असतील, असेही एक मत आहे. कोडे पूर्णपणे सुटलेले नाही.

पुढील अभ्यासांत, १९९८ पर्यंतचे रक्तजल पाहिल्यावर, एक नवी गोष्ट दिसली. सुस्थितीतील घरांत ‘ए’ची प्रतिपिंडे असणाऱ्यांचे प्रमाण घटू लागले होते; खेड्यांत आणि गरीब वस्त्यांत ते पूर्वीइतकेच होते. स्वच्छ संडास, गाळलेले पाणी, कमी भावंडे यांमुळे त्या घरांतील मुलांना ‘ए’ लहानपणी भेटेनासा झाला. चांगलेच झाले ना? हो, पण एक अडचण आहे. ज्या वयात हा विषाणू गुपचूप येऊन जातो त्या वयात तो आला नाही, तर माणूस प्रतिकारशक्तीवाचून मोठा होतो आणि मोठेपणी ‘ए’ झाला की कावीळ चांगलीच आजारी पाडते. क्वचित यकृत निकामीही होते. १९८८ मध्ये चीनमधील शांघायला दूषित शिंपले खाऊन सुमारे तीन लाख लोकांना ‘ए’ची कावीळ झाली, त्यांत तरुण माणसेच अधिक होती. आपल्याकडे केरळात, जिथे स्वच्छता आणि शिक्षण पुढे आहे, तिथेच २००४-०५ मध्ये कोट्टायम येथे ‘ए’ची मोठी साथ आली. याचा अर्थ मुलांना घाण पाणी पाजावे असा कुणी काढू नये! जे मूल ‘ए’ने गुपचूप बरे झाले त्याच पाण्याने त्याच्या शेजारचे मूल जुलाबाने दगावत होते. अर्थ इतकाच की शहर अर्धे स्वच्छ झाले की काही काळ साथींचा धोका वाढलेला असतो. घर स्वच्छ असते, पण रस्त्यावरचा बर्फाचा गोळा आणि वसतिगृहाची टाकी तशीच असते. ‘ए’विरुद्ध लस उपलब्ध आहे. ‘ई’विरुद्धची लस चीनमध्ये २०११ मध्ये मान्य झाली, २०२२ मध्ये दक्षिण सुदानमधील बेंतियू येथे साथ रोखण्यासाठी ती प्रथमच वापरली गेली.

जनुकीय वाचनामुळे आता विषाणूंचे ठसेही घेता येतात. ‘ई’चे निरनिराळे जनुकप्रकार आहेत. युरोपात आणि जपानात माणसांना होणारा ‘ई’ पुष्कळदा डुकरांकडून, अर्धवट शिजलेल्या मांसातून येतो. मग आपल्या गावांतून मोकाट हिंडणाऱ्या डुकरांवर संशय घेणे साहजिकच होते. पुण्याच्या संस्थेने पश्चिम भारतातील माणसांचे आणि डुकरांचे विषाणू ताडून पाहिले. डुकरांमध्ये चौथ्या प्रकारचा विषाणू निघाला, माणसांमध्ये पहिल्या. संशयित सुटला. आपल्या साथींतील विषाणू माणसाचा, माणसाकडून आणि माणसाच्याच पाण्यातून येतो.

तुम्ही स्वतः काय पाहू शकता? क्लोरीनची चाचणी काही रुपयांत होते. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरीन असलेले पाणी पिवळे होते. रंग जितका गडद तितके क्लोरीन अधिक. (द्रव हाताला लावू नका, तोंडाजवळ नेऊ नका, शिक्षकांना बरोबर घ्या.) एकाच आळीतील पाच-सहा नळांचे पाणी, पुरवठा सुरू झाल्याबरोबर आणि अर्ध्या तासाने असे दोनदा तपासून तक्ता करा. एखाद्या नळाला क्लोरीन कमी आणि शेजारच्याला बरोबर असेल तर मधल्या नळात क्लोरीन खाणारे काहीतरी शिरते आहे, असा संशय घ्यायला जागा आहे. असा तक्ता महानगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे नेऊन द्यावा. पाणी खळखळून उकळले की दोन्ही विषाणू मरतात, पण उकळणे हा एका घराचा उपाय आहे, आळीचा नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गीया-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण अचानक वाढले आणि काहींच्या विष्ठेत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आढळला. तेव्हा सारे पुणे पाणी उकळू लागले होते. तो विषाणू नव्हता, कावीळही नव्हती. चर्चा मात्र पुन्हा पाण्याचीच झाली.

रक्तजलाच्या त्या जुन्या कुप्यांनी अखेरीस आणखी एक गोष्ट उघड केली. १९९४ मध्ये डॉ. अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी भारतातील पाण्यातून आलेल्या काविळीच्या सतरा साथींचे रक्तजल एकत्र तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. सोळा साथी ‘ई’च्या ठरल्या. सतरावी, १९८७ मधील अंदमान बेटांवरची, ना ‘ए’ची निघाली ना ‘ई’ची. तिचा कर्ता पाण्यातून येणारा एखादा तिसराच विषाणू असावा, असे त्या निबंधात लिहिले आहे.